पैसे घ्या, पण कोड खुला करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या हडफड्याला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला, तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच घरांत मुलं मोबाइलवर चेस खेळायला लागलीत आणि कुठल्या साइटवर खेळावं, पैसे भरून मेंबरशिप घ्यावी का, असं पालक एकमेकांना विचारतायत. चांगलंच आहे. पण त्याला लागूनच असलेला एक विषय आहे ज्यावर मराठी पेपरात कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हे पत्र. ऑनलाइन टेबलटॉप गेमचे जे प्लॅटफॉर्म महिन्याचं किंवा वर्षाचं सब्स्क्रिप्शन घेऊन चालतात, त्यांनी आपला कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, ओपन सोर्स करावा का, म्हणजे कुणालाही बघता, बदलता आणि वापरता येईल असा खुला करावा का? माझं म्हणणं सरळ आहे, करावा. पैसे घेणं थांबवा असं मी म्हणत नाही, सर्व्हर चालवायचे, माणसं ठेवायचे पैसे जरूर घ्या, आम्ही देतो आणि पुढेही देऊ, पण ज्या इंजिनावर आमचा खेळ चालतो ते इंजिन कुलपात ठेवू नका.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ काढला. यात एकजण गेम मास्टर असतो, त्याला आम्ही जीएम म्हणतो, तो गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापलं पात्र घेऊन खेळतात, काय करायचं ते तोंडाने सांगतात आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. टेबलावर नकाशा, त्यावर सोंगट्या, प्रत्येकाकडे आपल्या पात्राची माहिती लिहिलेला कागद, म्हणजे कॅरेक्टर शीट. हे सगळं जे स्क्रीनवर आणतात ते व्हर्च्युअल टेबलटॉप. फँटसी ग्राउंड्स २००४ पासून आहे, रोल२० हे २०१२ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवून सुरू झालं, आणि ते मुळात सुरू कशाला झालं तर कॉलेजात एकत्र राहिलेल्या तीन मित्रांना लांब गेल्यावरही एकत्र खेळता यावं म्हणून. बोर्ड गेम खेळणाऱ्यांसाठी फ्रान्समधलं बोर्ड गेम अरेना २०१० पासून आहे, ते २०२१ मध्ये आस्मोदे या मोठ्या गेम कंपनीने विकत घेतलं. बहुतेक ठिकाणी ठरावीक गोष्टी फुकट असतात, आणि जास्त स्टोरेज, नकाशावर उजेड-अंधाराचा हिशेब, आपण लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, चालवायची सोय असल्या गोष्टींना वरचा प्लॅन घ्यावा लागतो. आमच्यासारख्या ग्रुपमध्ये तो जीएमच्या कार्डावरून जातो आणि बाकीचे आपला वाटा त्याला पाठवतात.

आमचा ग्रुप फर्मागुढीला इंजिनिअरिंगला असताना जमला. आता एक फोंड्यात, दोघं पुण्याला, एक बेंगळुरूला आणि एकजण पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडला स्विंडनला गेलाय, गोव्यातल्या अर्ध्या ग्रुपांची हीच गत आहे. चवथीला सगळे आले तर आले, नाहीतर भेट स्क्रीनवरच. आमचं कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन पुढे चालणारी आमची गोष्ट, कदंबांच्या काळातलं आहे, गोपकपट्टणचं बंदर, तांबडी सुर्लाच्या देवळाकडे जाणारी रानातली वाट, खांडेपारची लेणी असं सगळं आमच्या जीएमने स्वतः नकाशे काढून उभं केलंय, पात्रांची नावं मराठी, शिलालेख मराठी, व्यापाऱ्यांची पत्रं मराठी. हे काम वर्षानुवर्षांचं आहे आणि ते कुणा कंपनीने आम्हाला दिलेलं नाही, ते आमचं आहे.

आता हे काम राहतं कुठे तर एका परदेशी प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवर, नाव घेत नाही कारण भांडण एका कंपनीशी नाही, पद्धतीशी आहे. मध्यंतरी सब्स्क्रिप्शनचं ऑटो-डेबिट अडकलं, २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचे नियम बदलल्यावर परदेशी पेमेंटचं असं बऱ्याच जणांचं झालंय, आणि अकाउंट फुकटच्या प्लॅनवर उतरलं. त्याबरोबर स्टोरेजची मर्यादा ओलांडलेली दाखवून नवा नकाशा चढवणं बंद, स्क्रिप्ट बंद. ठीक आहे, पैसे नाहीत तर सोय नाही, हे मला मान्य आहे. पण म्हटलं तोवर आपलं सामान तरी उतरवून घेऊ, तर जी फाइल मिळाली ती त्याच प्लॅटफॉर्मशिवाय दुसरीकडे कुठे उघडतच नाही. नकाशाची चित्रं मिळाली पण त्यावरच्या भिंती, दारं, उजेडाच्या जागा, कुठल्या खोलीत काय दडवलंय ते काहीच नाही. म्हणजे आमचं वर्षांचं काम फक्त त्यांच्याच कोडला वाचता येतं आणि तो कोड फक्त त्यांच्याचकडे. नाटकाच्या ग्रुपने हॉल भाड्याने घेतला तर हॉलचं भाडं देतात, पण संहिता हॉलवाल्याच्या कपाटात ठेवून किल्ली त्याच्याकडे देऊन येत नाहीत.

देवनागरीचं तर विचारूच नका. कॅरेक्टर शीटवर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते, नाव शोधायला गेलं तर सापडत नाही. सपोर्टला लिहिलं, नोंद घेतली असं उत्तर आलं, तिथेच संपलं. त्यांच्या हिशेबात मराठीत खेळणारे किती असणार, त्यांचं तरी काय चुकलं. पण आमच्यातले दोघं हेच काम करून पोट भरतात, कोड समोर असता तर एखाद्या शनिवार-रविवारी बसून दुरुस्त करून पाठवलं असतं आणि ते नुसतं आम्हाला नाही, हिंदी, कोकणी, नेपाळी सगळ्यांना मिळालं असतं. चेसमध्ये हे होतंय ना. लिचेस ही साइट २०१० साली थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केली, तिचा सगळा कोड खुला आहे, भाषांतरं जगभरचे हौशी लोक करतात आणि ती मराठीतही वापरता येते. जाहिरात नाही, प्रीमियम नाही, देणग्यांवर चालते आणि कशावर किती खर्च होतो ते उघड मांडलेलं असतं. ज्या पालकांनी मुलाला फुकट शिकायला कुठे बसवू विचारलं त्यांना मी तीच सांगतो.

आता कंपन्यांची बाजू. ती खोटी नाही हे आधीच सांगतो कारण ओपन सोर्सवाले पुष्कळदा हे कानाआड करतात. एक तर सर्व्हर, बँडविड्थ, सपोर्टची माणसं यांचे पैसे दरमहा द्यायचेच असतात. दुसरं, या प्लॅटफॉर्मवर प्रकाशकांची पुस्तकं, नकाशे, राक्षसांची चित्रं विकली जातात, ती परवान्याने घेतलेली असतात, ती खुली करायचा कंपनीला हक्कच नाही. तिसरी भीती खरी मोठी, की आम्ही कोड खुला केला आणि उद्या दुसऱ्याने तोच उचलून अर्ध्या भावात साइट काढली तर आमच्या लोकांच्या पगाराचं काय.

पहिल्या दोन गोष्टींना उत्तर सोपं आहे. कोड खुला करणं म्हणजे सेवा फुकट देणं नव्हे. वर्डप्रेस २००३ पासून खुलं आहे, कुणीही आपल्या सर्व्हरवर चढवावं, तरीही वर्डप्रेस डॉट कॉमवर लोक पैसे भरून साइट चालवतात, कारण सर्व्हर सांभाळायची कटकट सगळ्यांना नको असते. आमच्या जीएमलासुद्धा नको आहे. आणि पुस्तकं-चित्रं ही इंजिनापासून वेगळी ठेवता येतात, तशी ती ठेवायलाच हवीत. फाउंड्री हे प्लॅटफॉर्म बघा, २०२० साली आलं, त्याचा गाभा ओपन सोर्स नाही पण एकदाच ५० डॉलर भरायचे, आपल्या मशीनवर चालवायचं, डेटा आपल्याकडेच राहतो, आणि त्यावर खेळाचे नियम चालवणाऱ्या बऱ्याच सिस्टिम लोकांनी खुल्या कोडमध्ये लिहिल्यात, प्रकाशकांची पुस्तकं मात्र वेगळी विकत मिळतात. कुणाचं दिवाळं निघालेलं नाही. बोर्ड गेम अरेनावरचेही बरेच गेम हौशी प्रोग्रॅमर्सनी लिहून दिलेत. लोक फुकट काम करायला तयार आहेत हे या कंपन्यांना चांगलं माहीत आहे, फक्त ते काम एकाच बाजूच्या कपाटात जाऊन पडतं.

तिसऱ्या भीतीवर जरा थांबायला हवं. डेटाबेसच्या धंद्यात हे घडलंच. इलॅस्टिक या कंपनीने २०२१ मध्ये आणि रेडिस या दुसऱ्या कंपनीने २०२४ मध्ये आपलं लायसन्स, म्हणजे कोड कुणी कसा वापरायचा त्याचा परवाना, आवळलं, का तर मोठ्या क्लाउड कंपन्या आपलंच सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकतात आणि आपल्या हाती काही लागत नाही. झालं काय तर लोकांनी जुन्या खुल्या कोडवरून ओपनसर्च आणि व्हॅल्की हे वेगळे प्रोजेक्ट काढले, मूळ कंपन्यांची माणसं तुटली, आणि शेवटी इलॅस्टिक २०२४ मध्ये आणि रेडिस २०२५ मध्ये परत ओपन सोर्सकडे आली, आणि दोघांनीही लायसन्स निवडलं एजीपीएल. लिचेससुद्धा त्याच लायसन्सखाली आहे. या लायसन्समध्ये अट अशी की कोड घेऊन, त्यात बदल करून तुम्ही सर्व्हरवरून लोकांना सेवा देत असाल तर तुमचा बदललेला कोडही त्या लोकांना द्यायला लागतो. म्हणजे कुणी नक्कल करून साइट काढलीच तर तिच्यातली सुधारणा मूळ कंपनीलाही मिळते, गुपचूप पुढे निघून जाता येत नाही. नाव आणि लोगो ट्रेडमार्कमुळे कंपनीचेच राहतात. कुणी म्हणेल लायसन्स हा नुसता कागद, कोण विचारतो. तसं नाही. स्टॉकफिश या खुल्या चेस इंजिनाच्या डेव्हलपर्सनी २०२१ मध्ये चेसबेस या जुन्या जर्मन कंपनीवर लायसन्स मोडल्याबद्दल जर्मनीत केस केली आणि २०२२ च्या नोव्हेंबरात तडजोड झाली, त्यात कंपनीला स्टॉकफिशवर बेतलेली इंजिनं विकणं वर्षभर थांबवावं लागलं. इतका जोर त्या कागदात आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी, खुलं असलं म्हणजे आपोआप चांगलं होतं असं नाही. मॅपटूल आणि व्हॅसल हे दोन्ही टेबलटॉप प्रोग्रॅम कितीतरी वर्षांपासून खुले आहेत, फुकट आहेत, त्यात करता येण्यासारखं प्रचंड आहे, पण नवीन माणूस पहिल्या दिवशी उघडून बसला तर बावचळतो. स्विंडनच्या मित्राने मॅपटूल लावायचा प्रयत्न केला आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्येच त्याची संध्याकाळ गेली. दिसायला सुबक, लिंक दिली की चालू, हे सब्स्क्रिप्शनवाल्यांनीच करून दाखवलंय आणि त्यासाठी डिझायनरला पगार लागतो. म्हणूनच तर मी म्हणतो की पैसेवाल्या प्लॅटफॉर्मनीच कोड खुला करावा. सुबकपणाही राहील आणि कुलूपही जाईल. नुसतं "तुम्हाला खुलं हवं ना मग मॅपटूल वापरा" हे उत्तर बरोबर नाही.

आणि कंपनी कायमची असते या भरवशावर राहू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्स ज्यांच्याकडे आहे त्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने सिजिल नावाचं थ्रीडी टेबलटॉप २०२५ च्या फेब्रुवारीत बाहेर काढलं आणि मार्चमध्ये त्या टीममधले बहुतेक लोक कामावरून कमी केले. ज्यांनी त्यावर नकाशे बांधायला घेतले होते त्यांनी काय करायचं? त्याच कंपनीने त्याआधी २०२३ च्या जानेवारीत, २००० सालापासून चालत आलेलं, खेळाचे नियम इतरांनाही वापरू देणारं ओपन गेम लायसन्स बदलायचा घाट घातला होता. मसुदा फुटला, जगभरच्या खेळाडूंनी सब्स्क्रिप्शन रद्द करायला सुरुवात केली, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सोडून दिले. ते आता कुणालाच परत घेता येत नाहीत. सब्स्क्रिप्शन देणाऱ्यांनी एकदा मनावर घेतलं की काय होतं ते तेव्हा दिसलं. पण झालंय असं की खेळाचे नियम खुले झाले आणि ज्या टेबलावर तो खेळायचा ते टेबल अजून बंदच. मला हे फार खटकतं.

ब्लेंडरचं उदाहरण तर प्रत्येक कंपनीने वाचावं असं आहे. थ्रीडी चित्रं करायचं ते सॉफ्टवेअर ज्या डच कंपनीचं होतं ती २००२ मध्ये बंद पडली. गुंतवणूकदार म्हणाले एक लाख युरो द्या, कोड सोडतो. टॉन रोझेनडाल यांनी लोकांना हाक दिली आणि सात आठवड्यांत पैसे जमले, त्याच वर्षी ऑक्टोबरात कोड खुला झाला. आज जगभर स्टुडिओंत ते वापरतात, आपल्याकडेही ॲनिमेशन शिकणारी मुलं पहिलं तेच उघडतात. कंपनी बंद पडूनही तिथे काम केलेल्यांची मेहनत जिवंत राहिली ती एवढ्याचमुळे.

गोव्यापुरतं सांगायचं तर आपल्याला याची गरज जास्त आहे. जून ते सप्टेंबर सत्तरी, सांगे, केपे इथे कधी लाइट जाते, कधी झाड पडून केबल तुटते, परदेशातल्या सर्व्हरशी जोडलेलं सेशन मधेच गळतं. इंजिन खुलं असेल तर एकाच वाड्यातली चार मुलं घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ते चालवून नुसत्या वायफायवर खेळू शकतात, इन्व्हर्टर असला की झालं. पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात, तालुक्यांच्या वाचनालयांत एखादी दुपार अशा खेळांना देता येईल, पण प्रत्येक वाचनालयाने डॉलरमध्ये सब्स्क्रिप्शन भरावं हे कोण मंजूर करणार? शाळांमध्ये जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही खुली सिस्टिम टाकून लॅब उभ्या करायचं काम गोव्यात वीसेक वर्षांपूर्वी झालेलं आहे, हौशी लोकांनी मिळून केलेलं, तेव्हा हे आपल्याला नवीन नाही. आणि वाघ-बकरी, सारीपाट, नवकंकरी हे आपले पट त्यावर आपणच बसवू शकू, कुठल्या कंपनीला त्यात बाजारपेठ दिसायची वाट न बघता. माझ्या आजीला नवकंकरी यायची, माझ्या भाचीला ती काय असते तेच माहीत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करतो कारण मांडवीतल्या कॅसिनोंमुळे आपल्याकडे गेमिंग म्हटलं की लोक दचकतात, त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. ज्यात डाव लागत नाही, नुसती सब्स्क्रिप्शनची फी भरून खेळायचं, अशा खेळांना तो हात लावत नाही. टेबलटॉप प्लॅटफॉर्म या दुसऱ्या प्रकारात येतात. मुलगा नकाशे काढत असेल, गोष्ट रचत असेल तर त्याला अडवू नका.

सगळा कोड उद्याच खुला करायला कुठलीही कंपनी तयार होणार नाही हे मला कळतं, आत जुना कोड असतो, दुसऱ्यांकडून घेतलेले तुकडे असतात, ते वेगळे करायला वेळ लागतो. तोवर मधला रस्ता आहे आणि तोही कुणीतरी आधी चालून दाखवलाय. क्यूटी या सॉफ्टवेअरसाठी १९९८ मध्ये केडीई या खुल्या प्रोजेक्टच्या लोकांनी मूळ कंपनीशी करार करून एक फाउंडेशन केलं, त्यात असं लिहून घेतलं की कंपनीने बारा महिने फुकट खुली आवृत्ती काढली नाही तर त्या फाउंडेशनला कोड अगदी सैल लायसन्सखाली सोडायचा हक्क राहील. त्यानंतर क्यूटीची मालकी कितीदा बदलली, नोकियाकडेसुद्धा जाऊन आली, करार टिकून आहे. टेबलटॉप प्लॅटफॉर्मनी असंच एक कलम आपल्या अटींमध्ये घालावं, की सेवा बंद पडली किंवा ठरावीक काळ अपडेट आलं नाही तर इंजिनाचा कोड एजीपीएलखाली खुला होईल. आणि एक्स्पोर्टची फाइल आजच्या आज अशी द्यावी की भिंती, दारं, सोंगट्या, शीट सगळं साध्या उघड फॉरमॅटमध्ये बाहेर पडेल, एवढ्याला तर काही कायदेशीर अडचण नाही, फक्त इच्छा हवी.

आमच्या ग्रुपने ठरवलंय की यापुढे वर्षाचा प्लॅन घ्यायचा नाही, महिन्याचा घ्यायचा, महाग पडला तरी चालेल, आणि दर वेळी पैसे भरताना सपोर्टला या दोन मागण्या लिहून पाठवायच्या. गोव्यात आणि बाहेर जे मराठीत खेळतात त्यांनीही आपापल्या प्लॅटफॉर्मला हेच लिहावं, आणि देवनागरी तुटते त्याचे स्क्रीनशॉट सोबत जोडावेत.

आपला,
एक वाचक, फोंडा